इंटरनॅशनल, बायलिंग्वल आणि आईचं 'आधी संडास दाखवा'

नोव्हेंबर २०२४. दिवाळीचा फराळ अजून डब्यांच्या तळाशी होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की अमुक शाळेचे नर्सरीचे फॉर्म सुटले, आणि तिथून आमच्या घरातली शांतता गेली ती गेलीच. चिंगी तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची. तिला फॉर्म म्हणजे फाडायचा कागद एवढंच माहीत.

आमच्या घरची भाषेची गंमत आधी सांगतो. आम्ही चौथी पिढी बडोद्यात. घरात मराठी, खाली भाजीवाल्याशी गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि बायको वर्क फ्रॉम होम असल्यामुळे दिवसभर बेडरूममधून इंग्रजी. चिंगी या सगळ्याची मिसळ करून 'आजी, मला दूध आप ने' असं म्हणायची आणि आम्हाला त्यात काही खटकायचंही नाही, बडोद्याच्या मराठी घरात हे असंच चालतं, मी स्वतः आठवीपर्यंत 'चप्पू' हा सुरीसाठीचा मराठी शब्दच आहे असं समजत होतो.

तर बायकोने एक्सेल शीट केली. नऊ शाळा, पंधरा कॉलम. अंतर, फी, बोर्ड, एसी आहे का, सीसीटीव्ही, बस, मुलं किती, टीचर किती. मी म्हटलं अगं दोन वर्षांच्या पोरीसाठी एवढं, तर म्हणाली तू फ्रिज घेताना किती दिवस लावले होतेस? गप्प बसलो. नवापैकी चार शाळा अंतरावरच उडाल्या कारण आम्ही कारेलीबागेत आणि नव्या चकचकीत शाळा सगळ्या तिकडे भायली-सेवासीच्या बाजूला, एवढ्याशा पोरीला सकाळच्या ट्रॅफिकमधून अख्खं गाव ओलांडून तीन तासांसाठी न्यायचं म्हणजे जरा अतीच होतं. एक मात्र लांबची असूनही ठेवली. नाव मोठं होतं म्हणून, खोटं कशाला बोलू.

बघायला जाताना आई बरोबर. आईने बावीस वर्षं इथल्याच एका मराठी बालवाडीत काढली आहेत, आता ती बालवाडी नाही, त्या जागी मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. मला वाटलं होतं आई येईल, बाकावर बसेल, कौतुक करेल. पहिल्याच शाळेत, म्हणजे त्या मोठ्या नावाच्या, काउन्सेलर मॅडमनी आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, लॅपटॉप उघडला, स्लाइड एक, 'अवर व्हिजन'. आणि आई म्हणाली, "आधी संडास दाखवा."

मॅडमना वाटलं आईला जायचंय. वापरायला उजवीकडे, म्हणाल्या. आई म्हणे, मला नाही, मुलांचा.

तो दाखवायला त्यांना जरा वेळ लागला. चकाचक होता, वास नाही, भिंतीवर डॉल्फिन. पण नळ आईच्या कमरेला. तिने नुसता हात लावला आणि चिंगीकडे बघितलं, चिंगीने टाचा उंचावल्या तरी पोचत नव्हतं. मग मागे वाळूचा हौद होता, ब्रोशरच्या पहिल्या पानावर ज्याचा फोटो आहे तोच, त्यावर निळी ताडपत्री. आईने ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि वाळूत बोट खुपसलं. जाईना. पावसात भिजून वाळून दगड झालेली. "ही मागच्या उन्हाळ्यानंतर कोणी हलवली नाहीये," एवढंच मला हळूच म्हणाली आणि पुन्हा काचेच्या खोलीत जाऊन स्लाइड बघत बसली, शहाण्यासारखी.

आणि तरीही आम्ही तिथे पंधरा हजार टोकन भरलं! का भरलं तर 'दोनच सीट राहिल्यात' म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन रात्री मी जरा शोधाशोध केली, जी आधी करायला हवी होती. फाटकावर आयबीचा लोगो होता, आणि मी धरून चाललो होतो की नर्सरीपासून आयबी. तर तसं नसतं. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, जिनिव्हात १९६८ साली सुरू झालेली संस्था, त्यांचे वेगवेगळे प्रोग्रॅम असतात, ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पीवायपी, मग मधला, मग अकरावी-बारावीचा डिप्लोमा, आणि शाळेला प्रत्येक प्रोग्रॅमची मान्यता वेगवेगळी घ्यावी लागते. आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की सरळ दिसतं कशाची आहे. या शाळेला फक्त डिप्लोमाची होती. म्हणजे लोगो खरा, पण तो सोळा वर्षांच्या मुलांचा. खालच्या वर्गांचं विचारलं तर उत्तर आलं, 'वुई आर आयबी-इन्स्पायर्ड सर.' इन्स्पायर्ड तर मी पण सचिन तेंडुलकरपासून आहे. अजून एक कळलं, 'कँडिडेट स्कूल' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मान्यतेची प्रक्रिया चालू आहे, मिळालेली नाही. आणि नुसतं 'इंटरनॅशनल' हे नाव म्हणाल तर नावात काही नाही, आमच्या कोपऱ्यावरचा हेअर सलूनही इंटरनॅशनल आहे.

टोकन परत मागितलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात नॉन-रिफंडेबल. बायको म्हणाली वाचलं नाहीस? मी म्हटलं तू वाचलंस? असा तो विषय संपला, पंधरा हजारात.

वयाचा घोळ वेगळाच. त्याच मॅडम म्हणाल्या होत्या की मुलगी ब्राइट आहे, थेट नर्सरीत घेऊ. चिंगीचा जन्म जुलै २०२२ चा. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, एक दिवस कमी चालत नाही, लोक हायकोर्टात गेले होते तरी नियम तोच राहिला. मग मी कॅलेंडर घेऊन उलटं मोजत बसलो. १ जून २०२८ ला ती पाच वर्षं दहा महिन्यांची, म्हणजे नाही. पहिली जून २०२९. त्याआधीचं वर्ष सिनिअर, ज्याला आता बालवाटिका म्हणतात, ते २०२८, ज्युनिअर २०२७, नर्सरी २०२६. तर जून २०२५ ला ती फक्त प्लेग्रुप. थेट नर्सरीत घातलं असतं तर पुढे कुठेतरी एक वर्ष तिला त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागलं असतं, आणि त्याची फी आम्ही पुन्हा भरली असती. मे-जून-जुलैवाली मुलं असतील त्या सगळ्यांनी एवढं एक मोजून घ्या, शाळा सांगत नाही.

दुसरी शाळा बायलिंग्वल. मी खूश, म्हटलं चला, गुजराती-इंग्रजी असेल. तर इंग्रजी आणि फ्रेंच. बडोद्यात! मी विचारलं फ्रेंच किती वेळ, तर आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, गाणी आणि रंगांची नावं. घरी फ्रेंच कोण बोलणार? "ॲप आहे ने सर." आता मला भाषाशास्त्र कळत नाही, पण आठवड्याला चाळीस मिनिटांत पोरगी दुभाषी होत असती तर आमच्या शेजारचे काका एव्हाना कोरियन झाले असते, रोज दोन तास सिरीयल बघतात.

पण त्या शाळेच्या ट्रायल क्लासमध्ये जे झालं त्यामुळे आमची सगळी शोधाशोधच बदलली. आम्ही काचेतून बघत होतो. टीचर नवीन पोरगी, प्रेमळ होती, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. चिंगी खेळता खेळता उठली आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "शू."

टीचर वाकून म्हणाली, "शुं, बेटा?"

"शू."

"शुं? शुं जोईए छे?"

"शू!" आता चिंगी रडकुंडीला, तिला वाटतंय मी सांगतेय आणि ही तेच परत म्हणतेय. गुजरातीत शुं म्हणजे काय. त्या बिचारीला वाटलं मुलगी तिचीच नक्कल करतेय, ती हसली, पुन्हा म्हणाली, "शुं?" आणि मग फरशीवर झालं.

परत येताना गाडीत कोणीच हसलं नाही. हसू आठ दिवसांनी आलं. आई मागे चिंगीला मांडीवर घेऊन बसली होती, म्हणाली, इंग्रजी, फ्रेंच काय शिकवायचं ते शिकवू देत, पोरीला शू आली हे कळणारं माणूस तिथे आहे का ते बघा आधी. बायकोने त्या रात्री एक्सेलमध्ये सोळावा कॉलम केला. त्याला नाव काय द्यावं तिला सुचेना, तिने नुसतं 'शू' लिहिलं.

यानंतर एक शाळा माँटेसरीवाली. साहित्य खरंखुरं, म्हणजे तो गुलाबी मनोरा, दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, सगळं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. दहाच्या दहा ठोकळे, एक ओरखडा नाही. आईला तिथे राग आला. तिचं ट्रेनिंग झालं तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या बाई बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडकांचं नाव घेतल्याशिवाय बोलायच्या नाहीत म्हणे. मला ताराबाई म्हणजे कोसबाड एवढंच ठाऊक होतं, पण त्याआधी त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, गिजुभाईंनी १९२० मध्ये तिथे दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं होतं, आणि मग १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसरीबाईंची महागडी साधनं परवडणार कशी, म्हणून तिथे शंख, शिंपले, पानं, बिया असलं हाताशी असेल ते वापरलं. आई म्हणाली, त्यांनी चिंचोक्यांवर मुलं शिकवली आणि हे ठोकळ्यांना कुलूप लावतात. माँटेसरी हे नाव कोणीही पाटीवर लावू शकतं, कोणी अडवत नाही, म्हणून टीचरचं ट्रेनिंग कुठून झालंय ते विचारावं. आम्ही विचारलं. "इन-हाउस," म्हणाले.

आईबरोबर माझा इथे एक वादही झाला, तो लपवत नाही. मी म्हटलं तुझ्या काळात बालवाडीची फी दोन रुपये होती, आता जग बदललंय. ती म्हणाली, दोन नाही, पंधरा, आणि सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं त्या गावात तू न मिळणाऱ्या सीटचे पंधरा हजार देऊन आलास, जग बदललंय हे बरोबरच आहे. या बाईसमोर टिकणं कठीण.

जी शाळा शेवटी घेतली ती आमच्यापासून दहा मिनिटांवर, जुन्या बंगल्यात, बाहेर आसोपालव. यादीत ती सातवी होती, नाव एकदम साधं म्हणून. एसी नाही. आई पोचल्यापोचल्या आत गेली, परत आली आणि मान हलवली, म्हणजे नळ पास. वर्गात अठरा मुलं आणि दोघी जणी, एक बेन दिवसभर फक्त गुजरातीत बोलणार आणि एक टीचर फक्त इंग्रजीत, एकमेकींच्या भाषेत मुलांशी जायचं नाही असा नियम, शिवाय हात धुवायला, कपडे बदलायला एक मासी. दोन्ही भाषा रोज, अर्धा-अर्धा वेळ. बायलिंग्वल म्हणजे काय ते मला तिथे उभं राहून कळलं, ब्रोशर वाचून नाही. गुजराती तशीही पहिलीपासून आठवीपर्यंत सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, २०२३ चा कायदा आहे, मग आत्ताच कानावर पडलेली काय वाईट.

त्यांच्याकडेही तो गुलाबी मनोरा होता, खाली चटईवर, दोन पोरं त्यावर भांडत होती. आईने ठोकळे मोजले. नऊच खरे. दहावा, सगळ्यात छोटा, हरवलेला असणार, त्याच्या जागी कोणीतरी लाकडाचा तुकडा कापून गुलाबी रंगवून ठेवलेला, एका बाजूचा रंग चावून गेलेला. आई माझ्याकडे बघून हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

मोठ्या बेन, म्हणजे शाळा चालवणाऱ्या, साठीच्या असतील. त्यांनी व्हिजन वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, घरमां शुं बोलो छो? मराठी म्हटल्यावर कागद घेतला. पाणीला काय म्हणते? भुकेला? दुखलं तर? नको असेल तर? आम्ही सांगत गेलो, त्या गुजराती लिपीत लिहीत गेल्या. पाणी, भूक, दुखतंय, झोप, नको, आई पाहिजे, शी. आणि बायको म्हणाली, शू. बेन थांबल्या, पेन वर धरलं, आणि एवढ्या जोरात हसल्या की मासी आतून बघायला आली. तो कागद त्यांनी आमच्यासमोर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. तिथे आधीच दोन कागद होते, एक सिंधी आणि एक मल्याळम.

फॉर्म तिथेच भरला. फी वर्षाला बासष्ट हजार, दोन हप्त्यांत, आणि या वेळी पावतीची मागची बाजू दोघांनी वाचली.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. जून २०२५ ला शाळा सुरू, पहिला आठवडा रड, दुसरा आठवडा रड, तिसऱ्या आठवड्यात फाटकापर्यंत रड आणि आत गेल्यावर बंद. पण बोलेना. घरी तोंडाचा पट्टा चालू, शाळेत एक शब्द नाही, कुठल्याच भाषेत. जुलैच्या मीटिंगला एक नवीन कोऑर्डिनेटर आल्या होत्या, त्यांनी फाइल उघडून सांगितलं, शी इज नॉट रिस्पॉन्डिंग, तुम्ही घरी इंग्रजीच बोला, निदान तीन महिने. बायकोच्या पोटात गोळा. आम्ही दोघं शिकलेसवरलेले, प्रश्न न विचारता मान हलवून आलो.

आणि घरी इंग्रजी सुरू. कम हिअर, ईट युवर पोळी, डोन्ट थ्रो. मी चिंगीशी दिवसभरात जेवढं बोलायचो त्याच्या पावपट बोलायला लागलो, कारण ऑफिसात मेल लिहिता येतो म्हणून पोरीला लाडाने काय म्हणायचं ते इंग्रजीत येतंच असं नाही, 'ए शहाणे, इकडे ये गं' याला काय म्हणणार? आई तर गप्पच झाली. तिला इंग्रजी येत नाही असं नाही, पेपर वाचते. पण रात्रीची गोष्ट तिची असायची. एका रात्री मी बाहेरून ऐकलं, आई म्हणत होती, "मिसेस स्पॅरो, मिसेस स्पॅरो, ओपन द डोअर." आणि मग चिंगीचा आवाज, झोपेत आलेला, चिडलेला: "आजी, नीट सांग ना."

मी आत जाऊन म्हटलं, आई, चिऊताईच सांग. तीन आठवडे चाललेलं सगळं तिथे बंद.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बेनना भेटलो. त्यांना या सल्ल्याचं माहीतच नव्हतं. कपाळाला हात लावला. म्हणाल्या, घरमां मराठी ज बोलो, भरपूर बोलो, जेने घरनी भाषा पाकी एने बीजी जल्दी आवडे, म्हणजे घरची पक्की असली की दुसरी लवकर येते. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, ते मुकं नसतं, साठवत असतं. मग सांगितलं की चिंगी बोलत नाही असंही नाही, मासी कपडे बदलताना तिच्या कानात कुजबुजते. काय कुजबुजते ते मासीला कळत नाही, पण मासी 'हा, हा' म्हणते आणि मग ती शांत होते. मला ते ऐकून कसंतरीच झालं.

ऑगस्टच्या शेवटी गणपती आले. २७ तारखेला सकाळी आई मोदकांना बसलेली, हात उकडीचे. चिंगीने हॉलमध्ये ओळीने मांडलं होतं: एक बाहुली, एक हत्ती, माझी चप्पल, दोन बटाटे. तिच्या हातात माझा जुना चष्मा. तो नाकावर लावून बाहुलीला म्हणाली, "चालो, बधा बेसी जाव." चष्मा काढला, आवाज बारीक केला, हत्तीला म्हणाली, "लिसनिंग इयर्स, प्लीज." पुन्हा चष्मा. एका बटाट्यापाशी वाकली, कान त्याच्याजवळ नेला, मान हलवली, आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "मासी, एने सू-सू लागी छे, लई जाव ने!"

आईने हात धुतले नाहीत, तशीच उठली, पिठाच्या हाताने बटाटा उचलला आणि मोरीत घेऊन गेली.